वईच्या अलीकडे, पलीकडे

परड्याची वई आम्ही वर्षातून दोनदा बांधतो आणि दोनदा सोडतो. मिरगाच्या आठ दिवस आधी बांधतो, कारण तोवर पडवळ, दोडका, कारली, तवशी यांची आळी भरून झालेली असतात. दसऱ्यानंतर पावसाळी वेल वाळले की बेडं काढून कोंबड्यांना आत घेतो. तीनेक आठवडे त्यांनी परडं मनसोक्त उकरलं की पुन्हा वई, आणि मग मुळा, लाल माठ, वाल, वांगी, मिरची. एप्रिलात विहिरीनं तळ दाखवला की परत कोंबड्यांची पाळी. दापोली तालुक्यात, आंजर्ल्याच्या बाजूला, बारा गुंठ्यांच्या वाडीत माझं वर्ष असं चार तुकड्यांत जातं. काय करता म्हणून कोणी विचारलं तर भाजी लावते आणि कोंबड्या पाळते असं सांगते. पण खरं काम त्या दोघांच्या मधे उभं राहायचं आहे, आणि ते शिकायला मला बरीच वर्षं लागली.

२०१६ साली सासरे गेले आणि सासूबाई घरात एकट्या राहिल्या. त्याआधी वीस वर्षं मी ठाण्याहून लोकलनं जाऊन-येऊन मुंबईत हिशेबाचं काम केलं होतं. मिस्टरांच्या नोकरीची तीन वर्षं बाकी होती, म्हणून आधी मी एकटीच आले. पुढे नारळ आणि साठ पोफळी, मागे परडं, गुरांचा रिकामा गोठा, आणि जांभ्याच्या चिऱ्यांचं खुराडं. त्यात तेव्हा सात कोंबड्या आणि एक कोंबडा होता.

पहिल्याच थंडीत मी माठाचे दोन वाफे केले. रोपं दोन बोटं वर आली होती. एका सकाळी बेड्याचा खालचा वासा खोबणीत नीट बसला नव्हता. मी चहाचा कप घेऊन मागच्या दारी येईपर्यंत वाफे गेले होते. कोंबडी वाफ्यात शिरते ती माठ खायला नाही. ती माती मागे फेकते, पाऊलभर मागे सरते, काय निघालं ते मान वाकडी करून बघते, आणि पुन्हा उकरते. भुसभुशीत ओली माती आणि तिच्यातले किडे, एवढंच तिला हवं असतं. रोपं वाटेत होती म्हणून गेली. मला रडू आलं. सासूबाई पायरीवर बसून नारळ सोलत होत्या. म्हणाल्या, "अगो, त्यांनी त्यांचं काम केलंनी. बेडं लावायचं काम तुझं होतं."

आजही संध्याकाळी बेड्याला हात लावून बघताना ते शब्द कानात असतात.

सकाळी सहाला खुराडं उघडते. फळी वर उचलली की आधी कोंबडा बाहेर पडतो, मग मोठ्या कोंबड्या, मग तलंगा. कोण आधी आलं याकडे माझं लक्ष नसतं. शेवटी कोण येतं ते मी बघते. पंख ढिले सोडून, डोळे अर्धे मिटून, इतरांच्या मागे पाच मिनिटांनी जी येते तिला त्या दिवशी डालग्याखाली वेगळी ठेवायची. तुरा फिका आहे का, शीट पातळ आहे का, ते तिथंच वाकून बघायचं. मग पाणी, तांदळाची कणी आणि कोंडा, थंडीत मूठभर नाचणी. एक दिवसाआड खुराडं झाडून चुलीतली राख पसरायची, कारण पिसवा झाल्या की कोंबडी अंगानं सुकत जाते आणि कारण कळत नाही. हे सगळं अर्ध्या तासात आटपतं. उरलेला दिवस परड्याचा आणि वाडीचा. तिन्हीसांजेला कोंबड्या आपापल्या पायांनी आत शिरतात तेव्हा मी दारात उभी राहून मोजते. आकडा जमला की फळी. नाही जमला तर बॅटरी आणि काठी, कारण आमच्याकडे गडग्याच्या चिऱ्यांत फुरशी असतात आणि अंधारात हात कुठेही घालून चालत नाही.

गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. वर्षाचा हिशेब केला तर साठाच्या आसपास अंडी पडतात. हिशेब करणारी बाई मी, त्यामुळे दुसऱ्या वर्षी दहा ग्रामप्रिया आणल्या. वनराज काय, ग्रामप्रिया काय, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं परसातल्या पालनासाठीच काढलेल्या जाती. अंडी भरपूर दिली त्यांनी, यात वाद नाही. पण त्या खुडूक होत नाहीत, आणि आकाशात सावली हलली तरी चरत राहतात. गावठी कोंबडी घशातून एक बारीक, लांबट आवाज काढते आणि तिची पिल्लं त्याच क्षणी अळूच्या पानांखाली दिसेनाशी होतात. तो आवाज बाजारात विकत मिळत नाही. आता मी दोन्ही ठेवते. अंडी ग्रामप्रियाची, रवण गावठीची.

रवणीला बसवण्यात मला जितका आनंद होतो तितका वाडीतल्या दुसऱ्या कशात होत नाही. टोपलीत भाताचं तूस, त्यावर अकरा किंवा तेरा अंडी. सासूबाई अंड्यांशेजारी कोळशाचा तुकडा आणि लोखंडी खिळा ठेवायच्या, वीज कडाडली तरी अंडी नासू नयेत म्हणून. मीही ठेवते. त्या ठेवायच्या म्हणून ठेवते, एवढं कारण मला पुरतं. कोंबडी दिवसातून एकदा दहा-पंधरा मिनिटं उठते, घाईघाईनं खाते, पाणी पिते, आणि परत. अंडी तीच उलटीपालटी करते, मधली कडेला आणि कडेची मधे. सातव्या रात्री तिला हळूच उचलून एकेक अंडं बॅटरीसमोर धरायचं. आत लाल रेघांचं जाळं आणि मधे काळा ठिपका दिसला तर जीव धरलाय. नुसता पिवळा उजेड दिसला तर ते अंडं बाजूला. अठराव्या दिवसानंतर हात लावायचा नाही. विसाव्या दिवशी कान जवळ नेला तर आतून टकटक ऐकू येते. पिल्लाच्या चोचीच्या टोकाला एक कठीण कण असतो, त्यानं ते कवच फोडतं. काही दिवसांत तो गळून पडतो. बाहेर आलेल्या पिल्लाला पहिला दिवसभर दाणा लागत नाही, अंड्यातलं पिवळं बलक त्याच्या पोटात गेलेलं असतं. मग मात्र वाळवी. जुनी कुजलेली झावळी उलटली की खाली वाळवी असतेच, ती फडक्यावर झटकायची. वाळवी खाल्लेली पिल्लं आठवडाभरात हाताला वजनदार लागतात.

हे सगळं दिवाळी ते शिमगा या काळात. पावसात रवण बसवायची नाही, हे मला सांगितलं होतं आणि तरी मी तिसऱ्या वर्षी जुलैत बसवली. तूस ओलं राहिलं, पिल्लांना रक्ती हगवण लागली, नऊपैकी दोन उरली.

मग निसर्ग चक्रीवादळ आलं. ३ जून २०२०. वादळ रायगडात श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्याला लागलं, आणि दापोलीच्या किनाऱ्यानंही पुरता मार खाल्ला. सकाळी आम्ही तिघांनी मिळून सगळ्या कोंबड्या माजघरात आणल्या आणि डालग्यांखाली घातल्या. दुपारभर काय ऐकलं ते सांगणं कठीण आहे. नारळ मुळासकट जातो तेव्हा जमीन हादरते. पोफळ कमरेत मोडते, आणि तिचा आवाज सुक्या लाकडासारखा कडक असतो. सासूबाई देवघरासमोर बसून प्रत्येक आवाजाला बोट मोडत होत्या. मला वाटलं जप चाललाय. संध्याकाळी त्या म्हणाल्या, "बेचाळीस पोफळी गेल्या." दुसऱ्या दिवशी आम्ही मोजल्या, त्रेचाळीस होत्या.

वीज यायला महिना लागला. रहाट कधीच मोडीत गेला होता, म्हणून कळशीनं पाणी ओढलं. ते दिवस सगळ्या किनाऱ्यानं काढले, आमचं त्यात वेगळं काही नाही. मला सांगायचं आहे ते त्यानंतरचं.

त्या पावसात परड्याला पहिल्यांदा पूर्ण ऊन मिळालं. पोफळींची सावली गेल्यावर कारल्याचा वेल असा माजला की मांडव दोनदा वाढवावा लागला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं 'कोंकण तारा' हे वाण मी दरवर्षी लावत होते. त्या वर्षी त्याला जेवढी कारली लागली तेवढी आधी कधी पाहिली नव्हती. सगळं गेलं, निदान भाजी तरी आली, असं मी मनाशी म्हणत होते. डिसेंबरात पहिल्या रवणीची पिल्लं बाहेर काढली. दहा दिवसांत अकरा पिल्लं गेली. काही घारीनं नेली, काही शिक्र्यानं. आईनं आवाज दिला की पिल्लं लपायची, पण लपायला जागाच नव्हती. चार वर्षं मी समजत होते की कोंबडी शहाणी म्हणून पिल्लं वाचतात. वाचवत होत्या त्या पोफळी. पोफळीला आम्ही सुपारीच्या भावात मोजत आलो. तिच्या छत्राखाली घार उतरू शकत नाही, हे कुणाच्या हिशेबात नव्हतं, आणि माझ्या तर नव्हतंच.

हर्णैच्या बंदरावरून कोळ्यांची जुनी टाकाऊ जाळी आणली आणि गोठ्यापासून खुराड्यापर्यंत बांबूंवर ताणली. तीच पुढे वईवरही चढवली, कारण वानरांनी काकडी-भोपळ्याची आशाच सोडायला लावली होती. पंचक्रोशीतल्या कितीतरी घरांनी वानरांपायी परडी टाकून दिली आहेत. मी त्यांना दोष देत नाही. महिनाभर वाढवलेला दुधी एका चाव्यानंतर फेकलेला बघणं सोपं नसतं. जाळ्यानं वानर पूर्ण थांबत नाही, पण त्याला घाई करता येत नाही, आणि तेवढ्यात आम्ही पोहोचतो.

जाळ्याचंही एक देणं आहे. एका सकाळी वईच्या तळाशी सात फुटी धामण अडकलेली दिसली. नायलॉनचा फास अंगात रुतला होता, आणि ती जितकी पुढे रेटत होती तितका आवळत होता. मिस्टर म्हणाले, "अंडी खाणारी आहे, राहू दे." अंडी खाते हे खरं. पण भाताच्या कणग्याभोवती उंदीर राहू देत नाही तीही तीच. त्यांनी मानेमागे काठी धरली आणि मी शिवणाच्या कात्रीनं एकेक घर कापत गेले. पाऊण तास लागला. सुटल्यावर ती गडग्याच्या बाजूला गेली, धावतही नाही आणि वळूनही बघत नाही. तेव्हापासून जाळं जमिनीपासून वीतभर वर बांधते आणि खाली करवंदीची काटेरी शिरी रोवते. काम दुप्पट होतं, पण जाळ्याखालून धामणीला वाट राहते.

आता माझ्या हातून झालेली चूक. २०२२ च्या फेब्रुवारीत मी आठवडा बाजारातून एक कोंबडा आणला. तांबडा, पिवळ्या मानेचा, देखणा. आमचा कोंबडा म्हातारा झाला होता. नवीन पक्षी निदान पंधरा-वीस दिवस वेगळा ठेवावा, हे मला माहीत होतं. गोठ्यात एकटा ठेवला तर रात्री मुंगूस येईल असं वाटलं, आणि पहिल्याच संध्याकाळी मी त्याला खुराड्यात सोडलं. सहाव्या सकाळी तो शेवटी बाहेर आला. मग दोन तलंगा. हिरवट-पांढरी शीट, तोंड उघडून घेतलेला श्वास, आणि चौथ्या दिवशी मान पिळवटून पाठीवर गेलेली कोंबडी. गावात त्याला मानमोडी म्हणतात, पुस्तकात राणीखेत. कुमाऊँच्या डोंगरातल्या त्या गावाचं नाव या रोगाला लागलं. एकदा लागला की औषध नाही. बारा दिवसांत चौतीसपैकी एकतीस गेल्या. मिस्टरांनी वाडीच्या टोकाला खोल खड्डा मारला, आणि रोज चुना टाकून आम्ही तो भरत गेलो. रवणीवर बसलेली कोंबडी टोपलीतच मेली, अंड्यांवरून न उठता. ती अंडी मी बॅटरीसमोर धरली नाहीत.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. तीन उरलेल्या कोंबड्यांना त्यांनी आपल्या हातानं कणी टाकली, एवढंच.

लस होती, मला ठाऊक होती, आणि तरी टोचली नव्हती. याचं कारण सांगते, कारण ते माझ्या एकटीचं नाही. लशीची कुपी येते शंभर मात्रांची. एकदा द्रावण मिसळलं की बर्फावर ठेवून दोनेक तासांत संपवावं लागतं, उरलेलं फेकायचं. पंधरा-वीस कोंबड्यांची बाई म्हणते, एवढ्यासाठी कशाला उघडा. घरोघर हेच, आणि मग एका घरातून रोग सगळ्या वाडीत. खड्डा बुजवल्यानंतर मी वाडीतल्या तेरा घरांत फिरले आणि प्रत्येकीकडची कोंबड्या-पिल्लांची संख्या लिहून घेतली. एकशे बारा झाली. माझ्या मुंबईच्या नोकरीतला वहीचा हात तेव्हा कामाला आला.

तेव्हापासून लसीकरण आम्ही मिळून करतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून कुपी आणायची, थर्मासात बर्फ. तिन्हीसांजेनंतर, कोंबड्या खुराड्यात बसल्यावर निघायचं, म्हणजे पळापळ होत नाही. शेजारची काकी कोंबडी धरते, मी डोळ्यात थेंब सोडते, तिची नात बॅटरी दाखवते. पिल्लं सात दिवसांची झाली की लासोटाचा थेंब, महिन्याची झाली की पुन्हा, आणि आठव्या आठवड्यात पंखाखाली आर-टू-बीची सुई. म्हणून आता रवणीही सगळ्यांनी एकाच पंधरवड्यात बसवायच्या, असं ठरलं आहे, नाहीतर वयं जुळत नाहीत. तेरा घरांतल्या बायकांनी एखादी गोष्ट एका दिवशी करायची ठरवणं हे किती अवघड असतं ते गावात राहणाऱ्याला कळेल. पहिल्या वर्षी आठ घरं आली. आता तेराच्या तेरा येतात. काकी म्हणते, "गो बाय, आमच्या कोंबड्यांची कुंडली तुझ्या वहीत हाय." खरंच आहे.

वईच्या दोन्ही बाजूंनी सतत काहीतरी पलीकडे जात असतं, ते मला हळूहळू दिसू लागलं. कारल्यावर, दोडक्यावर फळमाशी डंख करते, आत अळ्या होतात आणि फळ वाकडं होऊन गळतं. विद्यापीठाचा रक्षक सापळा मांडवाला टांगलेला असतो, त्यात नर माश्या अडकतात. पण गळलेलं फळ तसंच पडू दिलं तर अळी मातीत शिरून पुन्हा माशी होऊन वर येते. म्हणून रोज सकाळी गळलेली फळं टोपलीत भरून वईबाहेर कोंबड्यांपुढे ओतायची. त्या अळीसकट फस्त करतात. खुराड्यातली शीट परड्यात जाते, पण थेट नाही. ताजी शीट इतकी कडक असते की रोप करपतं. पातेऱ्याच्या थरात घालून, झापाखाली झाकून चार-पाच महिने ठेवायची. झाकली नाही तर आमचा तीन हजार मिलिमीटरचा पाऊस तिचा कस धुऊन नेतो. जांभ्याच्या तांबड्या मातीत लोह इतकं, की स्फुरद तिला चिकटून बसतो आणि मुळांना मिळत नाही. या खतानं वांग्याला जो फरक पडला तो मी पानांच्या रंगावरून सांगू शकते.

आणि शिंपलं. तिसऱ्या केल्या की त्यांची कवचं धुऊन, वाळवून, वरवंट्यानं जाडसर कुटून कोंबड्यांना. अंड्याचं कवच चुन्याचंच. एप्रिल-मेच्या उकाड्यात कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात, तेव्हा कवच पातळ होतं, कारण धापेबरोबर कवचाला लागणारा घटकही श्वासातून निघून जातो. त्या दिवसांत शिंपल्यांबरोबर सावली आणि गार पाणीही लागतं. सावली म्हणून मी पुन्हा पोफळींकडे वळले. वादळानंतरच्या वर्षी केळी लावल्या आणि केळींच्या आडोशाला पोफळीची रोपं, कारण लहान पोफळीला स्वतःलाच सावली लागते. आता त्या माझ्या डोक्यावर गेल्या आहेत. अजून सुपारी नाही. पण गेल्या थंडीत आईचा आवाज आला तेव्हा पिल्लं केळींत शिरलेली मी पाहिली.

कापण्याबद्दल पुष्कळजणी विचारतात. वर्षातून एकदा जागेवाल्याला राखण द्यावी लागते, गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, पाहुणे येतात. कोंबडे मी त्यासाठीच वाढवते आणि विकते. कापायला माझा हात होत नाही, शेजारचे भाऊ येतात. पण मी घरात जात नाही, तिथंच उभी राहते. ज्याला रोज संध्याकाळी मोजलं त्याच्यापाशी त्या वेळी नसणं मला बरं वाटत नाही. जेवते मात्र मी मनापासून.

सासूबाई २०२३ च्या श्रावणात गेल्या. शेवटचे दोन महिने त्यांना मागच्या दारापर्यंत येता येत नव्हतं. संध्याकाळी मी आत गेले की विचारायच्या, "जमल्या काय?" मी आकडा सांगायची. एखादी कमी असली तरी जमल्या म्हणावं असं कधी वाटलं नाही, कारण त्यांना आवाजावरून कळलं असतं.

यंदा मिरगाची वई कालच बांधून झाली. उंदीरमारीच्या जुन्या खुंटांना पालवी फुटली आहे, त्यामुळे मेढी कमी लागल्या. जाळं वीतभर वर, खाली करवंदीची शिरी. आळ्यांत कुजलेलं खत भरलंय, पडवळाचं बी रात्री भिजत घातलंय. उन्हं कलल्यावर कणीचा डबा वाजवून कोंबड्यांना बाहेर काढलं, बेड्याचे तिन्ही वासे खोबणीत बसवले, हात लावून पाहिले. मग खुराड्याच्या दारात उभी राहून मोजल्या. अठ्ठावीस हव्यात, सत्तावीस झाल्या. पुन्हा मोजल्या, सत्तावीसच. बॅटरी घेऊन परड्याकडे गेले. कारल्याच्या ताज्या आळ्यात पिसं फुगवून, डोळे मिटून, राखाडी कोंबडी धुळीची अंघोळ करत पसरली होती. मी वरचा वासा सरकवला.